चौदा गैरहजर सभासद

मेलबर्नला आल्यावर आम्ही ज्या घराच्या मागच्या अर्ध्या भागात भाड्याने राहिलो, त्या घराची मालकीण म्हणजे हेडीमावशी. सेंट किल्डाला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर तिचं घर होतं. पुढच्या भागात ती एकटी, मागच्या भागात आई, बाबा आणि मी. 'मावशी' हे आईने चिकटवलेलं. साठी ओलांडलेल्या बाईला नुसतं 'हेडी' म्हणायला आईची जीभ वळेना, आणि 'मिसेस' म्हटलं की हेडी म्हणायची, "मी कुणाची मिसेस नव्हते, आणि आता वेळ गेली." मग आईने तिला मावशी करून टाकलं आणि मावशी म्हणजे आईची बहीण, हेही समजावून सांगितलं. हेडीने ते फार गंभीरपणे घेतलं. डॉक्टर, प्रोफेसर तशी ही एखादी पदवी असावी अशा थाटात ती फोनवरसुद्धा आपलं नाव 'हेडी मावशी' सांगायला लागली. ती मूळची व्हिएन्नाची. बोलायची इंग्रजीत, तेही आपल्या गावच्या चालीवर, पण इतक्या वर्षांनी मला तिचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं, त्यामुळे इथे ते तसंच लिहिते आहे.

दोन घरांमधली भिंत पातळ होती. सकाळी सहाला पलीकडे कॉफी दळायचं हातयंत्र घरघरू लागलं की इकडे बाबा उठायचे, त्यांना वेगळं घड्याळ लागत नसे. मग तिचा रेडिओ, मग कोपऱ्यावरच्या ट्रामची घंटा, मग आमच्याकडची फोडणी. आईने पहिल्यांदा कुकर लावला त्या दिवशी शिट्टी ऐकून हेडीमावशी सपाता घालून थेट बागेत पळाली आणि लिंबाच्या झाडाआडून "उषा, बाहेर ये, फुटणार ते!" म्हणून ओरडत राहिली. पुढे ती इतकी सरावली की भिंतीपलीकडून शिट्ट्या मोजायची. "चार झाल्या उषा, डाळीचा लगदा होईल!" असा आवाज आला की आई वैतागायची, कारण तो हिशेब बरोबर असायचा. दिवाळीला अनारशांसाठी खसखस कुठे मिळेना, तेव्हा हेडीमावशीनेच बरणी आणून दिली. ती खसखस निघाली निळीकाळी. व्हिएन्नाचे लोक त्या खसखशीचा केक करतात म्हणे. आईने डोळे मिटून तीच वापरली आणि त्या वर्षी आमच्या अनारशांना मुंग्या लागल्यासारख्या दिसत होत्या. हेडीमावशीने सहा खाल्ले आणि खसखस अजून हवी होती असं मत दिलं.

बाबा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि दर दिवाळीला "पुढच्या वर्षी परत" असं जाहीर करायचे. त्यांच्या मित्रांनी एकेक करून इथलं नागरिकत्व घेतलं. बाबांनी फॉर्म आणला आणि त्यावर चहाचा कप ठेवत राहिले. एकदा हेडीमावशीच्या टेबलाशी बसून त्यांनी मोठा उसासा सोडला आणि म्हणाले, "शेवटी आपण सगळेच निर्वासित."

हेडीमावशीने कप खाली ठेवला. "मिस्टर सामंत, पुण्यात तुमचा प्लॉट आहे ना?"

"आहे. कोथरूडला."

"तुम्ही गेलात तर तिथे तुम्हाला उतरू देतील?"

"न द्यायला काय झालं?"

"मग तुम्ही निर्वासित नाही. तुम्ही आळशी आहात."

आई दोन दिवस हसत होती. बाबांनी त्यानंतर तो शब्द स्वतःसाठी पुन्हा वापरला नाही. आज मेलबर्नच्या उत्तरेकडच्या क्रेगीबर्न उपनगरात आमच्या गल्लीतली तरुण मंडळी बार्बेक्यूला बसून "यार, हम तो यहाँ एक्साइल में हैं" म्हणतात, आणि पुढच्या मिनिटाला डिसेंबरची तिकिटं किती महागली ते सांगतात, तेव्हा मला हेडीमावशीची फार आठवण येते. मी त्यांना अजून एक कणीस देते.

हेडीमावशी वीस वर्षांची असताना व्हिएन्नाहून निघाली, लढाई सुरू व्हायच्या काही महिने आधी. तोवर ती कायद्याची विद्यार्थिनी होती. नाझी आले आणि आठवड्याभरात युनिव्हर्सिटीचं दार ज्यूंना बंद झालं. तिच्या वडिलांना गुडघ्यांवर बसवून रस्ता घासायला लावलं, आणि ज्यांच्या घरी ती लहानपणी नाताळचं झाड बघायला जायची ते शेजारी भोवती उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे तिने मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलताना, आणि सांगून झाल्यावर बटाट्याबद्दल बोलायला लागली. ऑस्ट्रेलियाने तिला घेतलं ते मोलकरीण म्हणून. तसाच परवाना मिळत होता. तिने तोवर साधं अंडं उकडलेलं नव्हतं. ज्या श्रीमंत घरी ती लागली, तिथल्या बाईला तिने पहिल्या सकाळी रोमन कायद्यावर बरंच काही ऐकवलं आणि कच्चं अंडं वाढलं.

या हेडीमावशीचं एक मंडळ होतं. त्याचं जर्मन नाव एका श्वासात म्हणता येत नसे, म्हणून आमच्या घरात ते 'मावशीचं मंडळ'. सगळे तिच्यासारखेच, व्हिएन्नाहून जीव घेऊन पळालेले. महिन्यातून एकदा रविवारी दुपारी ते पुढच्या खोलीत जमायचे, कॉफी प्यायचे आणि भांडायचे. मी तेव्हा रविवारी एका बेकरीत काम करायची, त्यामुळे सभा कधी पाहिली नाही, पण घरी येईपर्यंत शेवटचं भांडण सापडायचंच. मंडळात नऊ जण होते आणि त्यांत समाजवादी, कम्युनिस्ट आणि 'मी दोघांनाही ओळखून आहे' म्हणणारे असे तीन पक्ष होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी व्हिएन्नात कुणी संप मोडला आणि कुणामुळे फॅसिस्टांचं फावलं, यावरून अजून खुर्च्या मागे ढकलल्या जायच्या. बाबांना याचं मोठं नवल वाटायचं. खरं तर वाटायला नको होतं. आमचं स्वतःचं मराठी मंडळ त्याच वर्षी गणपतीची आरती किती वाजता, यावरून दुभंगलं होतं, आणि बाबा त्यातल्या एका तुकड्याचे चिटणीस होते. कडक चिटणीस. सलग तीन सभांना गैरहजर राहिलेल्या कुटुंबांची नावं त्यांनी यादीतून उडवली होती, आणि त्यात त्यांचा सख्खा मावसभाऊही गेला होता. "नियम म्हणजे नियम," असं बाबा म्हणायचे. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला नुकतीच गेले होते आणि मला ते वाक्य फार आवडायचं.

मावशीच्या मंडळातला सगळ्यात मोठा आवाज मिस्टर ब्रिल यांचा. रेनकोट शिवून घेऊन विकायचा त्यांचा धंदा होता. टाय नेहमी, बोलणं नेहमी टोचरं, आणि मला ते फार आवडायचे. लढाईच्या काळात ऑस्ट्रेलियन सरकारने त्यांना शत्रूदेशाचा नागरिक म्हणून पकडून दूर रखरखीत भागातल्या छावणीत ठेवलं होतं. "तिथे ज्यू म्हणून हाकललं, इथे जर्मन म्हणून कोंडलं," ते सांगायचे. "आणि माझ्या शेजारच्या कॉटवर कोण, तर खराखुरा नाझी. वर तो घोरायचा!" हे ऐकून सगळे हसायचे, मीही हसायची. त्यात हसण्यासारखं किती होतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्या वर्षी ब्रिल यांनी ठराव आणला: मंडळ बरखास्त करायचं. लढाईनंतर आलेल्या त्यांच्या देशबांधवांचा एक मोठा क्लब शहरात होता. स्वतःचा हॉल, शनिवारी नाच, बॅण्ड, चांगलं जेवण. त्या क्लबने कळवलं होतं की या, आमच्यात सामील व्हा, जुनं विसरू. ब्रिल म्हणायचे, "आपल्या घटनेचं पहिलं कलम काय? मायदेशी परतण्याची तयारी करणे. आपण चाळीस वर्षं तयारीच करतो आहोत. आता केक खाऊन घरी जाऊ या." हेडीमावशी म्हणायची, "त्या हॉलमध्ये कोण बसतं ठाऊक आहे? टाळ्या वाजवणारे." दोघंही चिटणीस-खजिनदार म्हणून एकमेकांशेजारी बसायचे आणि महिनाभर एकमेकांशी फक्त चिठ्ठ्यांनी बोलायचे.

ठरावासाठी खास सभा बोलवायची होती. नोटीस आणि सभासदांची नवी यादी टाइप करून सगळ्यांना पाठवायची होती, आणि हेडीमावशीची बोटं संधिवाताने आखडलेली. तेव्हा मी पुढे झाले. व्हिएन्नाहून आणलेल्या टाइपरायटरवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट होत्या, तेवढी एक अडचण सोडली तर काम माझ्या आवडीचंच. कायदा, घटना, कलमं! मी मंडळाचं जुनं रजिस्टर काढलं, घटना वाचली, आणि मला एक धक्कादायक ढिलाई आढळली. यादीत तेवीस नावं होती. त्यांतले नऊ जण नियमित यायचे. उरलेले चौदा एकाही सभेला आले नव्हते. एकाही! त्यांच्या नावापुढे हजेरीच्या रकान्यात महिनोन् महिने नुसत्या आडव्या रेघा. आणि कलम नऊ स्पष्ट सांगत होतं की सलग तीन सभांना गैरहजर राहील त्याचं सभासदत्व संपेल. मला वाटलं, म्हातारी माणसं आहेत, राहून गेलं असेल. मी चौदा नावं गाळली, खाली 'कलम नऊनुसार यादी अद्ययावत केली आहे' अशी सुबक टीप टाकली, हेडीमावशीने चष्मा न लावता नऊ प्रतींवर सह्या केल्या, आणि मी नऊ पाकिटं पोस्टात टाकून आले. स्वतःवर मी इतकी खूश त्याआधी कधी झाले असेन असं वाटत नाही.

मंगळवारी दुपारी मी तिच्याकडे कॉफी पीत होते तेव्हा फोन वाजला. ब्रिल होते. हेडीमावशी बराच वेळ नुसती ऐकत राहिली, मग फोन ठेवला, चष्मा शोधला आणि म्हणाली, "ती यादी दे बरं."

मी दिली. तिने ती दोनदा वाचली.

"पॉल कुठे आहे?"

"कोण पॉल?"

"पाच नंबर."

"अच्छा, तो! तो मी काढला, मावशी. क्लॉज नाइन. ही हॅज नेव्हर कम टु अ सिंगल मीटिंग," मी म्हटलं, आणि हे सांगताना माझा आवाज किती उत्साही होता ते आठवून आजही मला खुर्चीतून उठावंसं वाटतं.

"नाही आला," हेडीमावशी म्हणाली. "बरोबर आहे तुझं. एकदाही नाही आला." तिने यादीची घडी केली, माझा अर्धा भरलेला कप उचलून सिंकमध्ये नेला आणि पाठ करूनच म्हणाली, "आता तू जा, नीला. मला काम आहे."

पुढचे दोन दिवस सकाळी पलीकडून कॉफीच्या यंत्राचा आवाज आला नाही. बाबा दोन्ही दिवस कामावर उशिरा गेले. तिसऱ्या दिवशी आई मऊभात आणि मेतकूट घेऊन पुढच्या घरात गेली आणि तासाभराने परत आली ती चेहरा पाडून. पॉल हा हेडीमावशीचा धाकटा भाऊ. ती निघाली तेव्हा सतरा वर्षांचा. त्याच्यामागे आई-वडील, मामा, मैत्रिणी, ब्रिल यांच्या घरचे, असे मिळून ते चौदा. सगळ्यांना तिकडेच मारलं. कुणाची राख नाही, कुणाची कबर नाही.

"मला कसं कळणार?" मी म्हटलं. "रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं. नियमाप्रमाणे तर मी..."

"नियमाप्रमाणे!" आई म्हणाली. ती क्वचित चिडायची आणि चिडली की आवाज खाली आणायची. "पितृपंधरवड्यात आपण पान मांडतो. तुझे आजोबा जेवायला आलेले कधी बघितलेस? सलग किती वर्षं आले नाहीत? मग त्यांचं पान बंद करू या का, कलम नऊ लावून?"

बाबा पेपरामागे बसले होते. ते पेपरामागेच राहिले. पण थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "तो आपला अरविंद... त्याचं नाव मी उडवलं ना, त्या वर्षी त्याची आई आजारी होती." त्या संध्याकाळी त्यांनी मावसभावाला फोन केला आणि आरतीच्या वेळेवरून पुन्हा भांडले, पण फोन केला हे खरं.

घोटाळा नुसता भावनेचा नव्हता, आणि तो काय आहे हे बाबांच्याच लक्षात आलं. मंडळ बरखास्त करायला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं लागत. तेवीस सभासद असताना ती मिळणं अशक्य, कारण मत द्यायला जिवंत होते नऊ. आता मी सभासदच नऊ करून टाकले होते. सहा मतं पुरत होती आणि ब्रिल यांच्याकडे सहा मतं होती. फोनवर ते हेच म्हणाले होते, की हेडी, शेवटी तुलाही पटलं, मला आनंद झाला. म्हणजे मी पाच मिनिटांच्या टायपिंगमध्ये हेडीमावशीचं मंडळ मोडून ठेवलं होतं. आणि पॉलचं नाव जगात जिथे मोठ्याने घेतलं जायचं ती तेवढी एकच जागा होती.

बाबांनी घटना मागवून घेतली आणि दोन रात्री तिचा असा अभ्यास केला की माझ्या प्रोफेसरांनी पाहायला हवा होता. शुद्धिपत्रक पाठवायची मुदत उलटून गेली होती. एकच वाट होती. सभेच्या सुरुवातीला, ठरावाच्या आधी, यादी ज्याने केली त्याने उभं राहून चूक कबूल करायची आणि दुरुस्ती सुचवायची. साध्या बहुमताने ती मंजूर झाली तर नावं परत. "पण साधं बहुमतही त्या ब्रिलकडेच आहे," बाबा म्हणाले. "तो कशाला मंजूर करू देईल? मी चिटणीस असतो तर दिलं नसतं."

त्या रविवारी मी बेकरीत सुट्टी सांगितली आणि आईची साडी नेसून सभेला गेले. साडी का, ते आता सांगता येणार नाही. आई-बाबा आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून बसणार होते हे मला माहीत होतं. पुढच्या खोलीत नऊ जण अंगाला अंग लावून बसले होते, मध्ये केक होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. अध्यक्ष डॉक्टर फुक्स, दाताचे निवृत्त डॉक्टर, ऐकायला अगदी कमी यायचं. मी उभी राहिले आणि म्हटलं की माझी चूक झाली, मी माफी मागते.

"काय म्हणते ती?" डॉक्टर फुक्स यांनी विचारलं.

"माफी मागते," शेजारच्या बाईंनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"कशाची?"

"आपल्या चौदा जणांना काढल्याची."

"कुठून?"

"यादीतून!"

"छे, छे," डॉक्टर फुक्स म्हणाले, "त्यांना कसं काढणार?"

ब्रिल उठले. त्यांनी खिशातून माझी यादी काढली. "मिस सामंत, माफी कसली मागता? चाळीस वर्षांत कलम नऊ पहिल्यांदा कुणीतरी लावलं. मला तर बरं वाटलं." मग ते माझ्याकडे बघायचे थांबले आणि हेडीमावशीकडे बघून बोलू लागले. "अकरा आणि बारा नंबर माझे आहेत. आई आणि बहीण. दर महिन्याला तू त्यांची नावं वाचतेस आणि मी इथे बसून म्हणतो, रजा मंजूर. कसली रजा, हेडी? ती रजेवर गेली नाहीत. त्यांना ओढून नेलं. मला हे खोटं बोलवत नाही आता."

"मग कुठे बोलायचं ते सांग," हेडीमावशी म्हणाली. "त्या हॉलमध्ये? बॅण्ड थांबवून?"

"तिथे सगळेच टाळ्या वाजवणारे नाहीत. अर्धे तेव्हा पाळण्यात होते."

"आणि उरलेले अर्धे?"

हेडीमावशी माझ्याकडे वळली, जणू मीच न्यायाधीश होते, आईची नारायणपेठ नेसलेली. "तुला वाटलं, मंडळ आधी निघालं आणि हे सभासद नंतर झाले," ती म्हणाली. "उलट आहे. लढाईच्या आधी इथे उतरायचा परवाना मिळवणं फार कठीण होतं. कुणीतरी म्हणालं, माणूस मेलबर्नच्या एखाद्या प्रतिष्ठित संस्थेचा सभासद आहे असं पत्र जोडलं तर उपयोग होतो. आमच्याकडे संस्था नव्हती. आम्ही मोलकरणी आणि शिंपी. मग एका रविवारी आम्ही बसलो आणि संस्था केली. घटना लिहिली, खरी वाटावी म्हणून कडक नियम घातले, गैरहजेरीचा पण घातला, शिक्का बनवला. आणि चौदा पत्रं पाठवली. त्यांच्यासाठीच तर केलं होतं हे सगळं. पॉलने उत्तर पाठवलं, की तुमच्या मंडळात बुद्धिबळ खेळतात का? मी लिहिलं, ये आणि बघ." ती थांबली. "परवाना नाही आला. लढाई आली."

नऊ वयस्कर माणसं केककडे बघत बसली होती. मला रडू येत होतं आणि साडीला खिसा नसतो.

"वाचा," ब्रिल म्हणाले.

"काय?"

"ज्यांना परत घ्यायचं त्यांची नावं. नावं वाचल्याशिवाय मत कसं देणार? वाचा, मिस सामंत."

मी रजिस्टर उघडलं आणि वाचू लागले. माझे उच्चार भयंकर होते. प्रत्येक नावाला कुणीतरी मान हलवायचं, नाव नीट म्हणून दाखवायचं, मला पुन्हा म्हणायला लावायचं, आणि मग त्यांच्या भाषेत हळूच म्हणायचं, रजा मंजूर. डॉक्टर फुक्स यांना ऐकू येत नव्हतं, पण आपल्या बायकोच्या नावाला ते बरोबर बोलले, ओठांकडे बघून. पाचव्या नावाला हेडीमावशी म्हणाली, "उच्चार चांगला आहे," आणि मग बाकीचं म्हणाली. अकराव्या नावाला ब्रिल काही बोलले नाहीत. मी थांबले. बाराव्यालाही नाही. मी पुढे वाचणार तेवढ्यात ते म्हणाले, "येनी. जेनी नाही, येनी." मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "हं." मग टाय सारखा केला आणि म्हणाले, "मंजूर. दोघींची."

मतदान झालं तेव्हा सगळ्यात आधी हात वर गेला तो ब्रिल यांचा. त्यांच्या गटातल्या पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग त्यांचेही हात वर गेले. यादीत पुन्हा तेवीस नावं झाली. ब्रिल खाली बसले, म्हणाले, "माझा ठराव पडला, केक कापा," आणि पलीकडून भिंतीवर काहीतरी धाडकन आदळलं. बाबांच्या हातून डबा पडला होता, असं आई नंतर म्हणाली. मला मात्र खात्री आहे की ते टाळी वाजवायला गेले होते आणि वेळेवर सावरले.

त्यानंतरही मंडळ वर्षानुवर्षं भांडत राहिलं. ब्रिल दर वर्षी बरखास्तीचा ठराव आणायचे आणि दर वर्षी तो पडायचा, आणि ते दर वेळी स्वतःच्या पराभवावर छोटंसं भाषण करायचे. मी वकील झाले. बाबांनी अखेर त्या डाग पडलेल्या फॉर्मवर सही केली आणि कोथरूडचा प्लॉट तसाच ठेवला. डॉक्टर फुक्स गेले, मग एकेक करून बाकीचे. जो जाईल त्याचं नाव कुणी काढलं नाही. हेडीमावशीने मला मंडळाचं सभासद करून घेतलं तेव्हा परकीय माणूस चालेल का यावर दोन सभा वादळी झाल्या, आणि ब्रिल यांनी माझ्या बाजूने मत दिलं, "निदान हिने घटना वाचली आहे" म्हणून. ते गेले, आणि सगळ्यात शेवटी हेडीमावशी.

आता महिन्यातून एका रविवारी दुपारी मी क्रेगीबर्नच्या घरात जेवणाच्या टेबलाशी रजिस्टर घेऊन बसते. तेवीस नावं वाचते आणि तेवीस वेळा रजा मंजूर करते, त्यात ब्रिल यांचीही, त्यांना आवडलं नसतं तरी. नात कधीकधी मांडीवर येऊन बसते आणि विचारते, "आजी, आर दे कमिंग?" मी नाही म्हणते. नोंदणी खात्याचं पत्र दर वर्षी येतं, की संस्था चालू आहे का, नसल्यास बंद करण्याचा फॉर्म सोबत जोडला आहे. यंदा ते माझ्या मुलाच्या हातात पडलं. "आई, जस्ट वाइंड इट अप ना," तो म्हणाला, "यू आर द ओन्ली वन लेफ्ट." मी त्याला सांगितलं की तसं करता येत नाही. दोन तृतीयांश मतं लागतात, आणि माझ्याकडे एकच आहे.